बासचा किट आणि मरळीचं तळं: वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी किमतीचं बोलून टाकतो म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते सुटतील. ३,४९९ रुपये, मे महिन्याच्या सेलमध्ये, ऑनलाइन. त्यात साडेसहा फुटी दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड, ३००० साइजचं रील, १०० मीटर ब्रेडेड लाइन (विणलेला दोरा) आणि एक पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, ज्यात लूर, म्हणजे नकली आमिषं, वगैरे मिळून ९४ नग. वर मोठ्या अक्षरात 'बास फिशिंग कॉम्बो', बास म्हणजे अमेरिकेतला एक मासा. माझा निकाल असा की रॉड झकास, रील भंगार, आणि ९४ पैकी माझ्या कामाला आले ते मोजून सात नग. पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन एकट्या रॉडचे.

पार्सल फोडलं तेव्हा आई किचनमधून बघत होती. काय आहे म्हणाली. म्हटलं बासचं सामान. "बास कर आता, माळ्यावर जागा नाहीये," एवढं बोलून ती आत गेली, आणि खरं सांगतो, वर्षभरात ह्या किटवर इतका नेमका शेरा दुसऱ्या कोणी मारला नाही.

कारण मुळात बास आपल्याकडं नाहीच. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, नावात बास असलं तरी सनफिशच्या खानदानातला. तिकडं त्याच्या मागं लोक वेडे आहेत, बोटी काय, टूर्नामेंट काय. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं २२ पौंड ४ औंसाचा धरला, म्हणजे १० किलोच्या वर, आणि ते रेकॉर्ड ७७ वर्षं कोणाला हललं नाही. मग २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी जवळपास एका औंसानं जास्त वजनाचा काढला, तर तो फरक पुरेसा नाही म्हणून दोघांना बरोबरीत धरलं! आणि गंमत म्हणजे कुरितांचा मासा लूरवर नाही, जिवंत ब्लूगिलवर, म्हणजे एका छोट्या माशावर, लागला होता. हे मी आमच्या गोराईच्या काकांना सांगितलं, ते आयुष्यभर जिवंत कोळंबीवर गरवतात, ते म्हणाले मग तू हा खेळण्यांचा डबा कशाला आणलास.

डब्यात एक रंगीत कार्ड होतं, चार ऋतू चार चित्रं, कुठल्या ऋतूत कुठला लूर. कार्ड चुकीचं नाही हां, उलट बऱ्यापैकी डोकं लावून केलंय. वसंतात पाणी तापायला लागलं की बास खोलातून उथळाकडं सरकतो, तेव्हा लिपलेस क्रँकबेट, जर्कबेट (दोन्ही माशाच्या आकाराचे कडक लूर), स्पिनरबेट (फिरत्या पात्याचा). पाणी साधारण १५ ते २० अंशांच्या दरम्यान आलं की नर किनाऱ्याजवळ तळाशी शेपटीनं खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर राखण करत बसतो, त्यावेळी सॉफ्ट प्लॅस्टिक हळू हळू. उन्हाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी वरच्या पाण्यात पॉपर (पाण्यावर बुडबुड आवाज करत येणारा) किंवा फ्रॉग, दुपारी मासा खोलात जातो तर डीप क्रँकबेट नाहीतर टेक्सास रिग (तो काय ते पुढं सांगतो). पानगळीत छोट्या माशांचे थवे खाडीसारख्या फाट्यांत शिरतात, बास त्यांच्या मागं, म्हणून परत स्पिनरबेट, आणि थंडीत मासा सुस्त, म्हणून जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ, तळाशी नेऊन जवळजवळ झोपवायचा.

आता हे सगळं पाण्याच्या तापमानावर चालतं. आपल्या इथं कर्जत-नेरळकडच्या तळ्यात जानेवारीच्या पहाटे, बाहेर आपण कुडकुडत असताना, पाण्यात हात घाला, कोमट लागतं. थंडीवालं चित्र तिथंच बाद. आपल्याकडचे ऋतू थर्मामीटरवर नाही, पावसावर ठरतात. पाणी गढूळ आहे की निवळलं, चढलंय की आटलंय, जलपर्णी किती माजलीय, बस एवढंच बघायचं. हे मला कळायला एक अख्खा पावसाळा आणि डब्यातला निम्मा माल गेला.

मग बासच्या जागी कोण? गोड्या पाण्यात मरळ. दबा धरून बसते, गवताच्या कडेला, एका जागी, आणि डोक्यावरून बेडूक गेला की तोफ. स्वभाव अगदी बाससारखा, फक्त एक मोठा फरक, मरळीला वर येऊन हवा घ्यावी लागते, त्यामुळं ती कुठं आहे हे ती स्वतःच सांगते. आणि खाऱ्या-निमखाऱ्या पाण्यात जिताडा. हा तर हॉटेलच्या मेन्यूवर सी बास म्हणूनच येतो, बंगाल्यांचा भेटकी तोच. ह्या दोघांसाठी किट वापरला, वर्षभर, जून ते मे, लोकलनं. गाडी माझ्याकडं नाही.

लोकलवरून आठवलं, रॉड. साडेसहा फुटाचा, मधोमध जोड, म्हणजे उघडल्यावर प्रत्येक तुकडा सव्वातीन फुटाच्या आसपास. जुन्या पडद्याच्या कापडाची पिशवी शिवून घेतली आईकडून, ती पिशवी वर रॅकवर आडवी बसते, ठाण्याच्या गर्दीतही कोणाच्या डोळ्यात जात नाही. एका तुकड्याचा रॉड जास्त संवेदनशील असतो वगैरे सगळं खरं आहे, पण तो घेऊन सकाळी दादरला कर्जत फास्टमध्ये चढून दाखवा. मीडियम हेवी आणि फास्ट अ‍ॅक्शन लिहिलंय आणि खरंच तसा आहे, म्हणजे टोकाचा साधारण पाव भागच वाकतो, खालचा भाग कडक. मरळ लागली की ती पहिल्या सेकंदाला गवतात घुसते, तिथून तिला खेचून काढायला हा खालचा कडकपणा लागतो, मऊ रॉड असता तर मासा गवतात आणि आपण नुसते वाकलेला रॉड बघत. एक तक्रार, टोकाकडून तिसऱ्या गाइडमधली (लाइन ज्यातून जाते त्या कडीतली) आतली रिंग ऑक्टोबरात निसटून पडली. ब्रेडेड लाइन नुसत्या तारेवर घासली की कापली जाते, म्हणून तो गाइड बदलून घेतला, मस्जिद बंदरच्या एका गल्लीत जाळी-दोऱ्यांच्या दुकानात, १२० रुपये, आणि दुकानदारानं माझ्यासमोर दोरा गुंडाळून वर इपॉक्सी लावून दिलं. असं दुकान असेल तर किट कशाला घ्यायचा असा विचार तेव्हाच यायला हवा होता.

जून. पहिला मोठा पाऊस झाला, ओढे शेतात शिरले आणि वलगण सुरू झाली. भिवपुरीजवळ माझ्या मित्राचं गाव आहे, तिथं त्या दोन-तीन रात्री सगळं गाव टॉर्च, कोयते, टोपल्या घेऊन बांधावर, मासे उलट्या पाण्यात चढतायत, आणि मी तिथं रेनकोट घालून ३,४९९ चा रॉड घेऊन उभा. मित्राची आजी म्हणाली "ह्याला काय झालंय?" खरं म्हणजे बरोबर होतं तिचं. त्या रात्री रॉडचं काम नव्हतंच. आणि चढणीचे मासे अंडी घालायला चढतात, ते असे ओरबाडून न्यावेत का हा वेगळा वाद आहे, तो मी आजीशी घालणार नव्हतो.

खरं काम जुलैत. तळं चहासारखं झालेलं, दोन इंचाखालचं काही दिसत नाही. अशा पाण्यात मासा डोळ्यानं नाही, अंगावरच्या रेषेनं शिकार करतो, पाण्यातली थरथर त्याला तिथं जाणवते. म्हणून डब्यातले चकचकीत, डोळे काढलेले, खवले रंगवलेले सगळे लूर बाद, आणि चालला तो स्पिनरबेट. त्यातही दोन प्रकार होते, एकाचं पातं लांबट विलोच्या पानासारखं, ते चमकतं जास्त, आणि दुसऱ्याचं गोल, ज्याला कोलोरॅडो म्हणतात, ते पाणी जास्त ढवळतं. गोल पात्याचा, काळा-निळा झालर असलेला घ्या. हळू ओढला की रॉडच्या मुठीपर्यंत टक टक टक टक येतं, ते थांबलं की समजायचं एकतर गवत अडकलं नाहीतर मासा. कार्डावर काळा-निळा रंग फक्त रात्रीसाठी दाखवला होता, गढूळ पाण्यालाही तोच चालतो हे आपलं आपण शोधायचं.

एक गोष्ट मात्र पावसाळ्यात पाळा. तळ्यात कुठं लालसर-केशरी पिल्लांचा पुंजका पाण्यावर खळबळताना दिसला तर तिथं लूर टाकू नका. ती मरळीची पिल्लं, खाली आई-बाप राखणीला असतात आणि पुंजक्याजवळ काहीही पडलं की मारतात, भूक म्हणून नाही, राग म्हणून. म्हणजे लागतील शंभर टक्के, आणि लागल्या की पाच मिनिटांत चिलापी आणि बगळे पिल्लं संपवतात. खळग्यावर बसलेल्या बासबद्दल तिकडंही हाच वाद चालतो म्हणे, धरावा की सोडावा. मी एकदा टाकला होता, ऑगस्टमध्ये, माहीत असून. मरळ लागली, सोडली, पण परत फिरेपर्यंत पुंजका विखुरला होता. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता डब्यातला हिरो. पोकळ रबरी फ्रॉग, चार होते, त्यातले दोन काळे, एक हिरवा, एक गुलाबी ठिपक्यांचा जो मी भाचीला दिला. ऑक्टोबरात पाणी निवळतं, गवत आणि जलपर्णी मात्र भरभरून, दुसरा कुठलाही लूर टाकला की दोन फुटांत पालेभाजी घेऊन परत. फ्रॉगचे दोन्ही गळ वर वळलेले, पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळं तो पानांवरून सरपटत जातो, आणि माशानं चावला की रबर दबतं आणि गळाची टोकं उघडी पडतात. कल्पना भारी. पण ह्या किटमधल्या फ्रॉगचं रबर जाड आणि गळ बारीक, म्हणजे चावला तरी दबत नाही. पहिले सहा हल्ले फुकट गेले, सहा! मग मित्राच्या ओट्यावर बसून पकडीनं दोन्ही गळांची टोकं जराशी, दोन-तीन मिलिमीटर, बाहेर वाकवली, फ्रॉग उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून मऊ केला, मागच्या रबरी झालरीची एक बाजू आखूड कापली म्हणजे तो सरळ न येता डावीकडं-उजवीकडं मान हलवत येतो. नाकाच्या भोकातून पाणी शिरून बुडायचा, तिथं फेविक्विकचा थेंब.

मग परत टाकला. जलपर्णीत एक चटईएवढी मोकळी जागा होती, तिच्या पलीकडं टाकून पानांवरून ओढत आणला, मोकळ्या पाण्यात उतरवला आणि थांबलो. हे थांबणं महत्त्वाचं. गोल लाटा विरेपर्यंत काहीच करायचं नाही. मग टोकानं एक छोटा झटका, आणि पाणी फुटलं असं की मागं बांधावर बसलेलं कुत्रं उठलं. आता इथं हात शिवशिवतात लगेच ओढायला, आणि तिथंच सगळे चुकतात, मीही सहा वेळा चुकलो होतो, मला वाटलेला सगळा दोष गळाचा नव्हता. तोंडात घेऊन ती खाली वळेपर्यंत मनात एक-दोन म्हणायचं, लाइन सरकायला लागली की मग पूर्ण ताकदीनं. दीड किलोची होती, वजनकाट्यावर, मित्राच्या आईनं चिंच-मिरचीचं कालवण केलं, आणि त्या दिवशी मी किटला पाच स्टार द्यायला निघालो होतो.

बाकीच्या नगांचं थोडक्यात उरकतो. डीप क्रँकबेट बारा, सगळे बिनकामाचे, लांब जिभेमुळं ते आठ-दहा फूट खोल जायला बनवलेत आणि आमचं तळं चार फूट, ते नांगर चालवतात. प्लॅस्टिकच्या अळ्या तीस. ह्या अळीचा शोध मस्त आहे, १९४९ मध्ये अमेरिकेत ओहायोत निक क्रीम आणि त्यांच्या बायकोनं घरच्या किचनमध्ये प्लॅस्टिक वितळवून केली, आणि आज बासवाल्यांचं तिच्याशिवाय पान हलत नाही. टेक्सास रिग करायचा, म्हणजे पुढं गोळीच्या आकाराचं शिसं, वाकडा गळ आणि त्याचं टोक परत अळीच्या अंगात खुपसलेलं, मग गवतात अडकत नाही. आमच्या तळ्यात चिलापी तिच्या शेपट्या कुरतडून टाकतात, तीसच्या तीस महिन्याभरात शेपटीविना. पण डिसेंबर-जानेवारीत, मरळ जरा मंद असते तेव्हा, उन्हं वर आल्यावर दहा-अकराच्या सुमाराला उथळ कडेला ही अळी हळू ओढून दोन लागल्या, म्हणून सातांत तिला धरलंय. मार्च ते मे तळं आटतं, पाण्यातला प्राणवायू कमी, मरळ हवा घ्यायला सारखी वर, बुडबुडा दिसला की त्याच्या चार-पाच फूट पुढं पॉपर, पण फक्त सूर्य चढेपर्यंत. नऊनंतर सावलीत बसून ताक प्या.

रील. बॉक्सवर बारा अधिक एक बेअरिंग. मी उघडून मोजली, कारण नोव्हेंबरात ते उघडावंच लागलं, चार निघाली. बाकीच्या जागी प्लॅस्टिकच्या चकत्या. गोड्या पाण्यात चार महिने ठीक चाललं, नंतर उरणकडं जिताड्यासाठी नेलं, आता लोकल थेट उरणला जाते ना, जाणं सोपं झालंय. खाजणातल्या उघाडीपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी, उभं राहायचं, ओहोटी लागली की आतलं पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोयटं (छोटे मासे), आणि जिताडा बाहेर तोंडाशी वाट बघत. पाणी वाहतं राहिलं पाहिजे, थांबलं की खेळ खलास, म्हणून भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांपेक्षा उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) आसपासचे दिवस बघा. सॉफ्ट प्लॅस्टिकचा शेपटी हलवणारा मासा जिगहेडवर लावून प्रवाहाला आडवा सोडला, तिसऱ्या-चौथ्या वेळी धक्का बसला, जिताड्यानं पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकलं, ड्रॅगनं (मासा ओढेल तशी लाइन सोडणाऱ्या रीलच्या ब्रेकनं) 'किर्र' म्हणून सुरुवात केली आणि मध्येच गप्प. जाम. लाइन तुटली नाही, गळच सरळ झाला, अगदी सुईसारखा, माझ्याकडं अजून आहे. किटमधले जिगहेडचे गळ आणि क्रँकबेटवरचे तिहेरी गळ सगळे असेच मऊ तारेचे आहेत, जिताड्यासाठी ते आधी काढून फेका आणि चांगले घाला, कुठल्याही बऱ्या कंपनीचे.

घरी आल्यावर मी नियमानं ड्रॅग घट्ट करून, नळाखाली हलक्या धारेनं धुतलं, पुसलं, तेल दिलं. तरी तिसऱ्या ट्रिपनंतर बेलची, म्हणजे लाइन गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीची, स्प्रिंग गंजून तुटली आणि हँडल उलटं फिरायला लागलं. विक्रेत्याला लिहिलं, फोटो पाठवले. उत्तर आलं की हे गोड्या पाण्यातलं प्रॉडक्ट आहे, खाऱ्या पाण्यात वापरल्यामुळं वॉरंटी नाही. आता त्यांच्याच पानावर फोटोत एक माणूस समुद्राच्या खडकावर उभा राहून हाच रॉड घेऊन हसतोय. तो फोटो परत पाठवला, त्यावर उत्तर नाही. सध्या त्याच रॉडवर २५०० साइजचं वेगळं रील लावलंय, १,९०० चं, चार बेअरिंगचं, बॉक्सवर पण चारच लिहिलेली.

पवई तलावाचं विचारणार असाल तर, तिथं अँगलिंगवाल्यांची संस्था आहे, आधी परवानगीचं बघा मगच गळ टाका, आणि मगरी आहेत, कडेला पाय सोडून बसू नका. विहार आणि तुळशी नॅशनल पार्कमधले पिण्याच्या पाण्याचे तलाव, तिकडं रॉड घेऊन फिरकूच नका.

म्हणजे घ्यायचं का? हाच रॉड सुटा मिळाला तर लगेच घ्या. सोबत दोन काळे फ्रॉग, एक गोल पात्याचा स्पिनरबेट, एक पॉपर, थोड्या अळ्या (त्या एकच नग धरा) आणि दोन सॉफ्ट मासे, झाले सात, सगळं बेताच्या पैशात जमतं, आणि ३० पौंडी ब्रेडेड लाइन. किटमधली लाइन ठीक आहे, पण हिरवा रंग दुसऱ्याच ट्रिपला हाताला लागला आणि आता ती आमच्या बाल्कनीतल्या तंगूसपेक्षा पांढरी दिसते.

डब्याचं सांगायचं राहिलं. प्लॅस्टिक मजबूत आहे, कप्पे हवे तसे लहान-मोठे करता येतात, बिजागरी अजून शाबूत. गेल्या आठवड्यात गोराईला काकांच्या शेजारी बसलो होतो, त्यांनी झाकण दोनदा उघडून मिटून बघितलं, आतले क्रँकबेट माझ्या पिशवीत ओतले आणि स्वतःची शिशं, गळ, तंबाखूची पुडी कप्प्याकप्प्यात लावायला घेतली. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ह्याचे किती पडतात रे सुटे?"